काळा पडलेला बेदाणा, अठरा लाखांचा ड्रायर आणि परदेशातला हवामान निधी

पत्र
नमस्कार. तासगाव तालुक्यात आमचं बेदाण्याचं शेड आहे. घरची तीन एकर द्राक्षं, शिवाय भावकीतल्या काही जणांची द्राक्षं बागेतच विकत घेऊन आम्ही बेदाणा करतो. गेल्या हंगामात मार्चअखेर अवकाळी पाऊस झाला आणि रॅकवरचा माल काळा पडला. वीस टनांतला साधारण चार टन बेदाणा किलोमागे साठ रुपये कमी दराने द्यावा लागला. सांगलीच्या एका मेळाव्यात ऐकलं की हवामान बदलाचा फटका बसलेल्या छोट्या उद्योगांसाठी परदेशातून मोठा निधी आलाय. तिथेच भेटलेले एक गृहस्थ सोलर ड्रायरचा अठरा लाखांचा प्रस्ताव करून देतो म्हणतात. निधीही मिळेल आणि कार्बन क्रेडिटचे पैसे दरवर्षी येतील, असं त्यांचं म्हणणं आहे. नोंदणीचे पंचवीस हजार आधी मागतात. आमचे मिस्टर म्हणतात, ही भानगड नको, अडत्याकडून दहा लाखांची उचल घेऊ, तो व्याजही लावत नाही. हा निधी खरंच आहे का? असेल तर आमच्यापर्यंत कसा येणार?
— एक वाचक भगिनी

ताई,

निधी खरा आहे. त्या गृहस्थांनी दाखवलेली वाट मात्र खरी नाही. पंचवीस हजार देऊ नका. अडत्याची उचलही घेऊ नका, निदान शेडच्या कामासाठी तरी नको. का, ते सांगते. आणि मग काय करायचं तेही सांगते, कारण तुमच्यासाठी मार्ग आहे. तो अठरा लाखांचा नाही, एवढंच.

आधी निधीबद्दल. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत कबूल केलं की २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. पुढच्या वर्षी कानकूनच्या परिषदेत हरित हवामान निधी स्थापन झाला. त्याचं कार्यालय दक्षिण कोरियात आहे. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. मेळाव्यात तुम्ही जे ऐकलंत ते याच पैशांबद्दल असणार. पण हा निधी कुणा शेतकऱ्याचा किंवा शेडमालकाचा अर्ज घेत नाही. तो फक्त मान्यता दिलेल्या संस्थांमार्फत पैसे देतो. आपल्याकडे नाबार्डला ही मान्यता २०१५ मध्ये मिळाली, पुढे छोट्या उद्योगांना कर्जपुरवठा करणाऱ्या सिडबीलाही मिळाली. देशातल्या आणि परदेशातल्या अशा मान्यताप्राप्त संस्था मोठे प्रकल्प मांडतात. ओडिशातला भूजल पुनर्भरणाचा प्रकल्प किंवा सिंधुदुर्गासह तीन राज्यांच्या किनारपट्टीवरचा प्रकल्प हे त्यातलेच. तासगावच्या एका शेडसाठी त्या निधीचा फॉर्मच अस्तित्वात नाही. म्हणून जो कुणी 'तिथून थेट मिळवून देतो' म्हणतो, त्याच्याकडे पंचवीस हजारांची पावती देण्यापलीकडे देण्यासारखं काही नाही.

आणि जो पैसा येतो, तोही तुमच्यासारख्यांपर्यंत फार थोडा पोहोचतो. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीने एका अभ्याससंस्थेबरोबर २०२० मध्ये याचा हिशोब मांडला होता. २०१७-१८ च्या सुमारास जगभरात हवामानाच्या नावाखाली जेवढा पैसा मोजला गेला, त्यातला लहान शेती आणि तिच्यावर चालणाऱ्या छोट्या व्यवसायांचा वाटा होता १.७ टक्के. ज्यांनी वातावरण सगळ्यात कमी बिघडवलं त्यांच्या वाट्याला शंभरातले पावणेदोन रुपयेही नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पण कारण समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार आहे. सौरऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पात वीज विकली जाते आणि पैसे लावणाऱ्याला परतावा दिसतो. तुमच्या शेडमध्ये जे होणार आहे ते म्हणजे टळलेलं नुकसान. मार्चमध्ये पाऊस आला आणि माल पिवळाधमक राहिला, तर त्याचं बिल कुणी कुणाला पाठवत नाही. शिवाय पाच-सहा लाखांचं कर्ज तपासायला बँकेला जवळजवळ तेवढेच कष्ट पडतात जेवढे पन्नास लाखांचं तपासायला.

मग हा पैसा गावात उतरतो कसा? दुसऱ्याच नावांनी. विदर्भ-मराठवाड्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्याला जागतिक बँकेने २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तिथल्या शेतकऱ्याला ठिबक मिळालं, शेडनेट मिळालं, शेततळ्याचं अनुदान मिळालं. तोही हवामानाचाच पैसा, पण गावात त्याला कुणी 'क्लायमेट फायनान्स' म्हणत नाही. सांगली जिल्हा त्या प्रकल्पात नव्हता. तुमच्यासाठी हा आधार व्याजात सवलत, कर्जाला सरकारी हमी आणि प्रक्रिया उद्योगाचं अनुदान अशा साध्या रूपांत आहे. मूळ पैसा मात्र बँकेचंच कर्ज असणार आहे आणि ते तुम्हाला फेडायचं आहे. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की अठरा लाख ऐकून मोह होणार नाही.

आता कार्बन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याचा तपासलेला दाखला. आज तुमचा बेदाणा कशावर सुकतो? ऊन आणि वारा यांवर. डिझेल नाही, कोळसा नाही. उद्या सोलर ड्रायर बसवला तर कमी काय झालं? काहीच नाही, कारण आधीच धूर नव्हता. म्हणजे विकायला क्रेडिटच तयार होत नाही. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल तर त्यांना विषय कळत नाही, आणि ठाऊक असेल तर ते तुम्हाला फसवताहेत. तुमची अडचण बदललेल्या हवामानात धंदा टिकवण्याची आहे, आणि कार्बनचा बाजार त्यासाठी पैसे देत नाही. जमिनीतल्या सेंद्रिय कर्बावर क्रेडिट देणारे प्रकल्प असतात, पण ते शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून अनेक वर्षांच्या करारावर चालतात. असा करार कधी समोर आलाच तर मराठीतली प्रत हातात घेऊन, वकिलाला दाखवून मगच सही करा.

अडत्याबद्दल तुमचे मिस्टर म्हणतात ते अगदीच चुकीचं नाही. अडत्या रात्री फोन केला तरी पैसे देतो, बँक देत नाही. पण बिनव्याजी उचल फुकटची नसते. उचल घेतली की सगळा माल त्याच्याच दुकानात लावावा लागतो, सौद्यात दर पडला तरी 'आज नको' म्हणता येत नाही. किलोमागे पाच रुपये जरी कमी सुटले तरी वीस टनांवर लाख रुपये झाले. दहा लाखांवर वर्षाला लाख म्हणजे दहा टक्के व्याजच, आणि मुद्दल जिथल्या तिथे. खुडणीची मजुरी, द्राक्षं सुकवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात त्याचं डिपिंग ऑइल आणि पोटॅश यांसाठी महिना-दीड महिन्याची उचल वेगळी. पाच वर्षं टिकणाऱ्या वस्तूसाठी नको.

आता तुमच्या शेडकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की वीसपैकी चार टनांना फटका बसला. उरलेला सोळा टन फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उन्हात नीट सुकला. म्हणजे तुम्हाला सगळा माल सुकवणारं यंत्र नकोच आहे. शेवटचे एक-दोन लॉट रॅकवर असताना ढग आले, तर त्यांना तीन-चार दिवस सांभाळून नेईल एवढीच सोय हवी आहे. एरवी बारा-पंधरा दिवसांत सुकणारा माल ओल्या हवेत अडकतो. थेंब अंगावर न पडताही दमट हवेनं मणी चिकट होतात, काळे पडतात, बुरशी धरतात. म्हणून नुसता वरचा कागद पुरत नाही. बाजूंनी वर-खाली होणारे पडदे, शेडभोवती पाणी काढून देणारी चारी, आणि एका शेडला गरम हवेचा ब्लोअर व हवा बाहेर फेकणारे पंखे लागतील. ब्लोअर असा घ्या की ज्वलनाचा धूर मालाच्या वाटेला येणार नाही, नाहीतर बेदाण्याला वास लागतो. पैसे गुंतवण्याआधी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे एकदा आपल्या शेडचं माप आणि फोटो घेऊन जाऊन या. विकणाऱ्याचा सल्ला आणि न विकणाऱ्याचा सल्ला यांत फरक असतो.

समजा हे सगळं सहा लाखांत बसलं. कोटेशन तीन ठिकाणांहून घ्या, आकडा बदलला तर पुढचा हिशोबही बदला.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाख. सहा लाखांवर ते २ लाख १० हजार होतं. किमान १० टक्के, म्हणजे ६० हजार, तुम्ही घालायचे. बाकी बँकेचं कर्ज. अनुदान रोख हातात येत नाही. ते बँकेतच वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं उद्योग चालू राहिला, खातं नियमित राहिलं, की कर्जात वळतं होतं. तेव्हा तुमच्या अंगावर खऱ्या अर्थाने ३ लाख ३० हजार राहतात. दहा टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर वर्षाचा हप्ता साधारण ८४ हजार.

तुमचं पावसाच्या वर्षातलं नुकसान चार टन गुणिले साठ रुपये, म्हणजे २ लाख ४० हजार. असा पाऊस दोन वर्षांतून एकदा आला तर सरासरी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास जातात. ८४ हजार भरून ते वाचत असतील तर सौदा चांगला आहे. तीन वर्षांतून एकदा आला तर जेमतेम बरोबरी होते. आता तोच हिशोब अठरा लाखांवर लावून बघा. अनुदान आणि तुमचा वाटा वजा जाता जवळपास दहा लाखांचं कर्ज, वर्षाचा हप्ता अडीच लाखांवर. दरवर्षी न चुकता अवकाळी आला तरी तो ड्रायर स्वतःचा हप्ता भरून काढू शकत नाही. चांगल्या पावसाच्या, म्हणजे खरं तर मार्चमध्ये पाऊस न पडलेल्या वर्षी, तो हप्ता तुमच्या नफ्यातून जाणार. हवामानापासून वाचायला घेतलेलं कर्जच मग तुम्हाला बुडवेल. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून एवढे आकडे मांडले.

याला जोडून कृषी पायाभूत सुविधा निधी आहे, २०२० मध्ये सुरू झालेला. तो वेगळे पैसे देत नाही. बँकेच्या कर्जावर, दोन कोटींपर्यंत, सात वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत देतो आणि हमीचं शुल्क सरकार भरतं. काढणीनंतरची सुकवणी त्यात बसते, आणि दोन्ही योजना एकत्र घेता येतात. मात्र दोन्हींखाली नवी प्रकरणं घेण्याची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत केलेली होती, म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की आज या योजनेखाली नवं प्रकरण घेताय का, आणि उत्तर शक्यतो लेखी मागा. अनुदान मिळणार नसेल तर ५ लाख ४० हजारांच्या कर्जाचा हप्ता वर्षाला १ लाख ३७ हजारांवर जातो आणि हिशोब बिघडतो. तसं झालं तर यंदा पडदे, चारी आणि पंखे एवढंच करा, ब्लोअर पुढच्या वर्षी.

प्रस्तावासाठी एजंट लागत नाही. प्रक्रिया योजनेत प्रत्येक जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात नावांची यादी मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते, तीही मोफत. ती झाली की तुमचं शेड कागदोपत्री सूक्ष्म उद्योग ठरतं, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाच्या निदान दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॅनेजर साहेबांनी सातबारा गहाण मागितला तर शांतपणे हा नियम सांगा आणि हमी योजनेत प्रकरण घालायला सांगा. कर्ज आणि उद्योग तुमच्या नावावर ठेवता आला तर हमीच्या शुल्कात महिला म्हणून सवलतही आहे. जमीन मिस्टरांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार करून घ्या. हे सुचवताना घरात कुरबूर होईल हे मला कळतं. पण शेड तुम्ही चालवता, पत्रही तुम्हीच लिहिलंत. बँकेतही तुमचंच नाव असावं असं मला वाटतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या फाईलमध्ये नसते, आणि तीच तुमची ताकद ठरू शकते. पावसाचा पुरावा. महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे राज्य सरकारच्या महारेन या संकेतस्थळावर असतात. तुमच्या मंडळाचे मागच्या दहा वर्षांचे, नाहीतर मिळतील तेवढ्या वर्षांचे, फेब्रुवारी ते एप्रिलचे आकडे काढा. त्याच्यासमोर तुमच्या सौदापट्ट्या लावा: कोणत्या तारखेचा माल, कोणत्या दराने गेला. पावसाच्या तारखा आणि पडलेले दर शेजारी-शेजारी दिसले की बँकेच्या माणसाला समजावत बसावं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही कळेल की असा पाऊस दोन वर्षांतून एकदा येतो की पाच वर्षांतून. पाच वर्षांतून असेल तर ब्लोअरसुद्धा घेऊ नका, पडद्यांवर भागवा.

विम्याचं विचारलं नाहीत, पण सांगते. फळपीक विमा हा बागेतल्या घडांचा आणि ठरलेल्या हवामान निकषांवरचा असतो. द्राक्ष रॅकवर गेलं की शेडमधल्या मालाला त्याचा आधार नाही. लहान उद्योगांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची विमा पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. शेड, यंत्र आणि साठा आग, वादळ, पूर यांपासून तीत धरला जातो. दमट हवेनं काळा पडलेला माल तीत धरला जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. तेवढ्यासाठीच पडदे आणि ब्लोअर. पण वादळात शेडच उडालं तर ही पॉलिसी उभं करेल, आणि हप्ते चालू असताना तेवढा धोका उघडा ठेवू नये.

माल तयार झाल्यावर लगेच विकायची घाई होऊ नये म्हणून बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा. बेदाण्यालाही ती आहे. गोदामात माल ठेवून किमतीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, क्विंटलमागे ठरलेल्या मर्यादेत, सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी पैसे मिळतात. अडत्याकडे हात पसरायची वेळ एप्रिल-मेमध्ये येते, ती यानं पुष्कळ टळेल. योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालाला आहे, त्यामुळे घरच्या तीन एकरांचा बेदाणा वेगळा ठेवा आणि त्याची नोंदही वेगळी ठेवा.

बँकेशी बोलताना हप्ता महिन्याचा मान्य करू नका. तुमचा पैसा सौदे झाल्यावर येतो. मे आणि ऑक्टोबर असे दोन हप्ते मागा, आणि पहिला हप्ता एक हंगाम उलटल्यावर. नियमात हे बसतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि वेळ जपा. ऑक्टोबर छाटणीच्या आत फाईल शाखेत गेली तर जानेवारीअखेर पडदे लागलेले असतील. डिसेंबरमध्ये गेली तर मंजुरी मार्चमध्ये येते आणि तोवर माल रॅकवर असतो.

त्या गृहस्थांचा फोन आला तर एवढंच विचारा, कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेच्या कोणत्या प्रकल्पात माझं शेड बसतं, ते त्या संस्थेच्या पत्रावर द्या. महारेनचे आकडे आणि कोटेशन हाती आले की मला पुन्हा लिहा. पाऊस किती वर्षांनी येतो तो खरा आकडा घालून हप्त्याचा हिशोब आपण नव्याने मांडू.